बियाण्यासाठी राखलेला कोबी

मित्रांनो, मी एक जुना कोबी आहे. माझ्यासोबतचे गड्डे केव्हाच कापून स्वयंपाकघरात गेले. मला मात्र मालकीणबाईंनी बियाण्यासाठी राखले. हे बियाणे त्यांच्या आईकडून आलेले, बाजारात मिळत नाही. यंदा डब्यात एक दाणाही उरलेला नाही, त्यामुळे सगळी भिस्त माझ्यावर.

लहानपणापासून माझे शेजारी म्हणजे कांदे. कोबीच्या दोन ओळींमध्ये कांद्याची एक ओळ, ही बाईंची पद्धत. सुरुवातीला त्यांच्या वासाला मी नाक मुरडत असे. पण पांढरी फुलपाखरे अंडी घालायला आली, की त्या उग्र वासात त्यांना माझा पत्ताच लागत नसे. असा शेजारधर्म मी दुसरा पाहिला नाही.

फुलांचा दांडा वर यावा म्हणून बाईंनी माझ्या डोक्यावर सुरीने फुली मारली. लगेच पुढच्याच आठवड्यात त्या पाय घसरून पडल्या आणि खाटेला खिळल्या. बाग सुनेकडे आली. ती मोठी कामसू. कांद्यांच्या माना पडलेल्या दिसताच तिने ते उपटले, वाफा स्वच्छ केला आणि खिडकीशी गेली.

"आई, कांदे काढले. एकही ठेवला नाही."

"कोबीभोवतीचेसुद्धा?"

"तेही तयार झाले होते ना."

"अगं, ते खायला नव्हते, राखणीला होते," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

करायला गेली एक आणि झाले भलतेच. अळ्या आल्या आणि त्या फुलीतूनच माझ्या पोटात शिरल्या. सून वरवरच्या अळ्या चिमटीने वेचते. तिने काढलेले कांदे पुन्हा माझ्याभोवती पुरले, पण वाळलेल्या कांद्यांना तो वास कुठला? आतल्या अळ्या काढायला गड्डा आणखी चिरावा लागेल, पण तिचा हात धजत नाही.

"दांडा दिसतोय का गं?" बाई विचारतात.

"येईल, आई," ती म्हणते आणि पाठ फिरवून डोळे पुसते. मला तिचा रागही येतो आणि कीवही येते.

मित्रांनो, कोणालाही उपटण्याआधी तो कोणासाठी उभा आहे, हे विचारत जा. पण आता उपदेशाला वेळ नाही. माझ्या पोटातला दांड्याचा कोंब अजून शाबूत आहे आणि अळी त्याला भिडायला आली आहे. सुनेला कोणीतरी हाक मारा. तिला सांगा, भिऊ नकोस, सुरी घे, मला फाड, पण कोंब वाचव.