न वापरलेली खोली

श्यामकांतने आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीटसुद्धा घेतलं नव्हतं, आणि हाच माणूस गेलं वर्षभर हार्त्सच्या डोंगरातल्या एका कॅसिनो हॉटेलात सारखा मुक्कामाला जात होता. जर्मनीत ते राहत त्या ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळींत त्यावर यथेच्छ कुजबुज झाली. वसुधाला तिचं काही वाटत नसे. नवऱ्याला ती चांगली ओळखून होती. तिला उत्सुकता होती ती एवढीच, की हे गौडबंगाल चालतं तरी कसं.

"आल्झो, म्हणजे बघ, सोप्पं आहे," श्यामकांत म्हणाला होता. निवृत्त इंजिनियर तो, काही समजावून सांगायला मिळालं की त्याची कळी खुलायची. "कॅसिनोला माणसं हवी असतात, म्हणून सोमवार-मंगळवारी खोल्या पाण्याच्या भावाने देतात. आपण खेळलंच पाहिजे असं कुठे आहे? झोपायचं आणि परत यायचं. पण हॉटेल कंपनी मोठी. रात्र इथली काय नि बाल्टिक समुद्रावरच्या त्यांच्या राजेशाही हॉटेलातली काय, मोजताना सारखीच. पुरेशा रात्री झाल्या की गोल्ड स्टेटस, म्हणजे आपण खास गिऱ्हाईक. मग तिकडे साधी खोली घेतली तरी समुद्रासमोरचा सुइट देतात. कळलं?"

सुइट हवा होता उल्काताईसाठी. उल्का म्हणजे वसुधाची पुण्यातली थोरली बहीण, जिभेला हाड नसलेली. मागच्या वर्षी एका लग्नात ती चारचौघांत म्हणाली होती, "आमची वसुधा इतकी वर्षं तिकडे आहे, पण राहते कशी देव जाणे. दाखवण्यासारखं असतं तर बोलावलं नसतं का?" वसुधा तेव्हा सगळ्यांबरोबर हसली आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडली. ते श्यामकांतला कळलं. त्याने उठून मेहुणीला आमंत्रण दिलं, वर समुद्रासमोरच्या सुइटचं वचनही देऊन टाकलं. उल्काताईने तिकीट काढलं, आणि पुण्यात सगळ्यांना सांगूनही झालं.

आता वर्ष संपत आलं होतं आणि एकच रात्र कमी पडत होती. "या वेळी मीही येते," वसुधा म्हणाली. "बघू तरी."

आणि तिने सगळं बघितलं. संध्याकाळी ओळखपत्र दाखवून ती कॅसिनोत शिरली आणि रूलेटच्या टेबलाशी खिळून उभी राहिली. गोळी फिरताना लोक श्वास रोखतात, पण जिंकल्यावर हसत का नाहीत? ती मोत्यांची माळ घातलेली आजी हरूनही एवढी निवांत कशी? परतताना तिने श्यामकांतला प्रश्नांनी भंडावून सोडलं. तो मात्र बाहेरच थांबला होता, आजवर कधी आत गेलाच नव्हता.

सकाळी तिने नेहमीसारखं आवरलं. नेहमीसारखं म्हणजे कसं, ते सांगायला हवं. हॉटेलच्या चादरीचा काय भरवसा, म्हणून रात्री तिने घरची चादर वर अंथरली होती. ती घडी घालून बॅगेत गेली. अंग पुसायला पंचा घरचा. न्याहारीला धपाटे घरचे, त्यांचा चुरासुद्धा तिने बोटाने टिपून घेतला. कप विसळून पुसून उपडे ठेवले, बेसिन कोरडं केलं, कचरा पिशवीत भरून बरोबर घेतला. मग पलंगावर अशी इस्त्री केल्यासारखी रजई घातली की बघत राहावं. सामान गाडीत टाकून दोघं तळ्याभोवती फिरून आली आणि किल्ली द्यायला काउंटरवर गेली.

काउंटरवरच्या तरुण बाईने संगणकात पाहिलं आणि तिचा चेहरा अवघडला. मधल्या वेळात खोली आवरायला गेलेल्या बाईने ती न वापरलेली आढळली, अशी नोंद केली होती. लोक फक्त किल्ली घेतात नि घरी निघून जातात, म्हणून कंपनी अशी रात्र मोजत नाही.

"अहो, पण आम्ही झोपलो होतो तिथे!" वसुधा तिला आधी मराठीतच म्हणाली आणि मग तेच जर्मनमध्ये म्हणाली.

"कॅसिनोत तुम्ही गेला होतात, ते दिसतंय," बाई मऊपणे म्हणाली. "पण तिथून रात्री घरी जाणारे पुष्कळ असतात. पलंग मोडलेला नाही, टॉवेल कोरडे, केराची टोपली रिकामी. सॉरी."

 सगळं समजावून सांगणाऱ्या श्यामकांतने खिशातून फोन काढला. "उल्काताईंना फोन करतो," एवढंच तो म्हणाला.

वसुधाला आधी शरम वाटली आणि मग संताप आला, पण त्या बाईचा नाही. या देशात भाड्याच्या किती घरांत ती राहिली. फोडणी घालायची ती खिडक्या बंद करून, शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून. जिना झाडायची स्वतःची पाळी नसतानाही. घर सोडताना प्रत्येक घरमालक म्हणायचा, इथे कुणी राहत होतं असं वाटतच नाही, आणि तिला ते केवढं कौतुक वाटायचं! आज तेच वाक्य पुन्हा ऐकल्यासारखं झालं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

"आजची रात्र मिळेल?" तिने विचारलं.

मिळत होती. उद्यापासून नाताळचे चढे दर लागणार होते, आज अजून स्वस्ताई होती. "आणि उद्या सकाळी खोली वापरलेली दिसली, तर ही रात्र मोजाल ना?" वसुधाने विचारलं.

"नक्की," बाई म्हणाली.

त्या रात्री घरची चादर गाडीतच राहिली. दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर वसुधाचे हात आपोआप रजईकडे गेले.

"वसुधा," श्यामकांत दाढी करता करता ओरडला, "नको!"

तिने हात मागे घेतले. काय करावं ते तिला सुचेना. शेवटी तिने ओला टॉवेल जमिनीवर टाकला, उचलला, परत टाकला. चहाचे कप तसेच ठेवले. उरलेला धपाटा मुद्दाम पलंगावर बसून खाल्ला आणि चुरा पडू दिला. उशी लाथाडल्यासारखी कोपऱ्यात गेली. हात नुसते शिवशिवत होते. पण थोड्या वेळाने तिला मजा यायला लागली, आणि श्यामकांत दारात उभा राहून तोंडात रुमाल कोंबून हसत होता.

दोघं बाहेर पडली, तर खोल्या आवरणारी बाई गाडी ढकलत दाराशीच आली. माफ करा, जरा पसारा झालाय, हे वाक्य वसुधाच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं आणि दार सताड उघडून धरलं.

"आम्ही इथे राहिलो होतो," ती म्हणाली.

बाईने आत डोकावून पाहिलं. "हो," ती हसून म्हणाली, "दिसतंय की."