शेपरच्या पलीकडची जागा

"काका, हा राउटर बघा. पिशवीत घाला, रिक्षात बसा, बाणेरला जा नाहीतर कोथरूडला." टिंबर मार्केटमधला दुकानदार लाकडाच्या कडा कोरायचं ते छोटं यंत्र हातात खेळवत म्हणाला. "आणि तो कोपऱ्यातला शेपर नेणार असाल, तर सोबत क्रेनही न्या."

मैत्री हसली. तिचे वडील, दशरथ सुतार, हसले नाहीत. तिची आई कांताबाई कोपऱ्याकडे पाहत राहिली.

बिबवेवाडीत घराला लागूनच असलेल्या त्यांच्या कारखान्यातला जुना शेपर दिवाळीनंतर कायमचा बसला होता. लोखंडी टेबलातून वर आलेलं पातं गरगरायचं, दशरथ त्याच्या कडेने चौकटीची पट्टी पुढे सरकवायचा आणि पलीकडे उभी असलेली कांताबाई ती हातात घ्यायची. बावीस वर्षं असंच चाललं. तळहाताखाली लाकूड थरथरलं की पातं बोथट झाल्याचं तिला त्याच्याआधी कळे. मग ती पट्टीवर दोनदा थाप मारी. त्या घरघरीत ऐकू काय येणार, पण थाप लाकडातून त्याच्या हाताला पोचे आणि तो यंत्र बंद करी. या धंद्यात कितीजणांची बोटं गेली. दशरथची दहाही शाबूत होती.

पण आता हिंजवडीला जाणारी पोरं फ्लॅट घेत होती आणि सगळं काम तिथेच येऊन करा म्हणत होती. मैत्रीही हिंजवडीलाच नोकरीला होती. तिला हे रोज दिसत होतं.

"बाबा, प्रॅक्टिकली विचार करा ना. साइटवर शेपर नेणार आहात का? आणि आईचे गुडघे? किती वर्षं उभं करणार तिला?"

दशरथने दुकानदाराला विचारलं, "याला माणसं किती लागतात?"

"एक. तोही फार हुशार नसला तरी चालतो."

"आणि पलीकडून धरायला?"

"शिकंजा लावायचा. चहा मागत नाही, बडबड करत नाही."

"बघ आई, सुटलीस तू!" मैत्री म्हणाली.

लेक मायेने बोलली होती, म्हणून कांताबाई हसली. बाहेर आल्यावर मात्र रिक्षात कुठल्या बाजूने चढायचं हेही तिला क्षणभर सुधरेना.

रात्रीच्या जेवणाला तिनेच विषय काढला. "राउटरच घ्या. पोरगी बरोबर बोलतेय."

"गुडघे फार दुखतात का गं?"

"दुखतात की. बसून राहिलं की जास्त दुखतात."

दशरथने भाकरी मोडली. "आमटीत मीठ कमी आहे," म्हणाला. मीठ बरोबर होतं.

शनिवारी दुपारी दाराशी टेम्पो थांबला. कांताबाई तांदूळ निवडत बसली होती, उठली नाही. राउटरला टेम्पो कशाला, हे तिच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. तेवढ्यात बाहेरून "सावकाश रे, पाय सांभाळ!" असा ओरडा आला आणि चार हमाल वाकून कारखान्यात शिरले. ती ताट तसंच ठेवून मागोमाग गेली.

"बाबा, शेपर?" मैत्रीने कपाळाला हात लावला.

"फिनिशिंग चांगलं येतं याचं."

त्याला खोटं बोलायचं असलं की इंग्रजी शब्द लागे.

"अहो बाबा, पण साइटची कामं जातील ना!"

"जातील. चौकटीवाले येतील."

"कमी येतील, बाबा."

"येतील तेवढे येतील."

हमालांचा मुकादम घाम पुसत म्हणाला, "भिंतीला चिकटवून टाकू का, काका? जागा वाचेल."

"नको. पलीकडे माणूस उभं राहतं."

"कोण?"

"ही."

मुकादमाने कांताबाईकडे एकदा पाहिलं आणि माणसांना खूण केली. यंत्र कुरकुरत दीड हात पुढे सरकलं. कांताबाईने पदर खोचला आणि ती मधल्या फटीत शिरली. दोन्ही हात पुढे करून तिने नसलेली पट्टी धरली, मागे घेऊन पाहिली. कोपर भिंतीला लागलं.

"अजून वीतभर," ती म्हणाली.

चौघे पुन्हा वाकले.