वरणाचा डाग आणि माईंचं तीर्थ

बाथरूममधून ब्रशचा खस्स-खस्स आवाज आला आणि घरातली शांतता मोडली. माझी आठ वर्षांची क्षितिजा तिचा शाळेचा शर्ट घासत होती. केमोच्या इंजेक्शनांनी माझ्या हातांची कातडी सोलवटली होती. साबणाच्या पाण्यात हात घालायला डॉक्टरांची मनाई होती.

"आई, वरणाचा डाग बघ, लाल झाला!"

"होतो तसा. घास तू," मी खोलीतून म्हटलं आणि डोक्याला रुमाल बांधला. खाली शेजारच्या कांतावहिनी रिक्षा थांबवून उभ्या होत्या. आम्हाला खारी वस्तीत जायचं होतं, मनोरमामाईंकडे. केमोने गेलेले केस त्या म्हणे परत आणायच्या.

का जायचं होतं, ते सांगताना आजही मान खाली जाते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायटीतली संध्या प्रत्येकीच्या केसांत गजरा माळत आली. माझ्यापाशी तिचा हात हवेतच थांबला. मग तिने गजरा माझ्या तळहातावर ठेवला, प्रसाद ठेवतात तसा. घरी येऊन मी तो गजरा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला आणि काळा पडेपर्यंत काढला नाही.

माई वर्षभरापूर्वीच खारीत भाड्याने आल्या होत्या. दर गुरुवारी त्यांच्या दारात ही गर्दी. मराठी, गुजराती, हिंदी, सगळ्या बोलीतल्या बायका, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर पदर, ओढणी नाहीतर रुमाल. भिंतीला टेकून शालू नावाची एक मुलगी बसली होती. तिचे केस मानेपर्यंत आले होते. माई दर दहा मिनिटांनी तिच्याकडे बोट दाखवायच्या.

"हिला विचारा! तुळतुळीत होती. आता बघा, पार्लरवाली हिच्या मागे लागलीय!"

बायका हसल्या. मीही हसले. माझी पाळी आली. माईंनी माझा रुमाल सोडवला आणि पिवळा लेप डोक्याला चोळला.

"इंजेक्शन म्हणजे काय बेटा? पॉइझन! पोटात टोचलं, डोक्यात चढलं. केस बिचारे काय करतील? पळून गेले. आता बघ, कसं बाहेर ओढते!"

त्यांनी तांब्यातलं तीर्थ माझ्या डोक्यावर ओतलं. समोरच्या पांढऱ्या ताटात लालभडक पाणी उतरलं.

"देखो, देखो! जहर निकला!" मागून कुणीतरी ओरडलं. कांतावहिनींनी हात जोडले. माझं डोकं चरचरत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं, आणि मला वाटलं, निघतंय. खरंच निघतंय.

"एकीकडून मी काढायचं आणि दुसरीकडून डॉक्टरने भरायचं, असं चालणार नाही," माई म्हणाल्या. "पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही. घरी लेप लाव, तीर्थाने धू, गुरुवारी ये."

पुढचं इंजेक्शन म्हणजे शेवटचं. आठ दिवसांवर आलेलं. माझा नवरा अभिनव त्यासाठी ऑफिसातून सुट्टी मागत होता, आणि मी जाणार नाही हे त्याला सांगितलं नव्हतं.

रविवारी अभिनव बाजारात गेलेला पाहून मी लेपाची पुडी आणि तीर्थाची बाटली काढली. क्षितिजा म्हणाली, "मी लावते, तुझा हात दुखेल." इतक्या हलक्या हाताने तिने लेप लावला की मला रडू आलं. मग ती बाटली उघडायला गेली आणि थोडं तीर्थ वाळत घातलेल्या शर्टावर सांडलं. वरणाच्या डागाचा पिवळा ठसा अजून पुरता गेला नव्हता.

"आई! परत लाल!"

तिने एकदा डागाकडे पाहिलं, एकदा बाटलीकडे, एकदा माझ्या डोक्याकडे.

"आई, हे तीर्थ नाहीये. हा तर साबण आहे."

"असं बोलू नये," मी म्हटलं. पण दोन थेंब बोटांवर घेऊन चोळले. बुळबुळीत. धुण्याच्या सोड्याचं पाणी. तोवर ती स्वयंपाकघरात पळाली होती. मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर हळद वाटीत कालवली, वर धुण्याच्या पावडरचं पाणी टाकलं. लाल. मग लिंबू पिळलं. पुन्हा पिवळं.

"जादू!" ती टाळ्या वाजवत म्हणाली.

मी लेपाची पुडी हुंगून पाहिली, नुसती हळद. लग्नापासून मी हळदीचे डाग धुतेय. साबण लावला की ते लाल होतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माईंच्या दारात बसलेल्या एकूण एक बाईला ते ठाऊक होतं. आणि त्या ताटासमोर आम्ही सगळ्याजणी हात जोडून बसलो होतो.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी माझं डोकं पाहिलं. "काय लावलंत?" मी जमिनीकडे बघत सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याने जास्तच लाज वाटली. "सोड्याने ही कातडी भाजते हो. सौम्य साबण, कोमट पाणी, टिपून कोरडं करायचं. उन्हात सुती रुमाल. जखम भरली की थोडं खोबरेल, बस. केस इंजेक्शनं संपल्यावर आपले आपण येतात." शालूचे केस माईंनी आणले नव्हते, हे तिथेच कळलं. तिचं शेवटचं इंजेक्शन गेल्या उन्हाळ्यातच झालं होतं, हे तिनेच मला रांगेत सांगितलं होतं.

गुरुवारी मी क्षितिजाला घेऊन कांतावहिनींबरोबर खारीला गेले. तिच्या दोन जाड वेण्या पाहून माई चपापल्या.

"हिला काय झालंय?"

"काही नाही," क्षितिजाने हात पुढे केला. "माझ्या हातावर करा ना."

"लहान मुलांवर करत नाही."

"करा की माई, पोर एवढं म्हणतेय," कांतावहिनी म्हणाल्या. माई हलेनात. तेव्हा मीच वाटीतला लेप तिच्या मनगटावर बोटभर लावला, तांब्यातलं थोडं पाणी टाकलं आणि लगेच फडक्याने पुसून घेतलं. फडकं लाल झालं.

"हिला कधी इंजेक्शन नव्हतं," मी म्हटलं. "मग हे कुठलं विष?"

"आईच्या पोटातून आलेलं!" माई ओरडल्या.

"अहो, मग माझ्या नवऱ्याच्या शर्टात कुठून येतं?" कांतावहिनी एकदम म्हणाल्या. "दर रविवारी धुते मी! मटणाचा रस्सा सांडतो मेला, आणि साबण लावला की अस्साच लाल!"

कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळ्याच. मी रुमाल सोडला. डोक्यावरचे फोड सगळ्यांना दिसले. "हे माईंच्या तीर्थाचे," मी म्हटलं. "उद्या मी शेवटचं इंजेक्शन घ्यायला चाललेय. तुमच्यापैकी कुणी सोडलं असेल तर कृपा करून परत जा." कोपऱ्यातली एक बाई ओढणी सावरत उठली आणि बाहेर पडली.

हे वाचणाऱ्या बाईला एवढंच सांगते. आजारपणात मन हळवं होतं, त्यात कमीपणा नाही. पण कुणी चमत्कार दाखवला तर आधी आपल्या मोरीत, आपल्या ओट्यावर तो करून बघा. आणि जो औषध थांबवायला सांगतो, त्याच्या दारात क्षणभरही थांबू नका.

परतताना रिक्षात मी रुमाल बांधलाच नाही. क्षितिजा माझ्या मांडीवर रेलली होती.

"ते इंजेक्शन घ्यायचं सोडलं असतंस तर आजार परत आला असता?"

"आला असता कदाचित."

ती उठून बसली.

"मला तर तू अशीच आवडतेस. बाबांना पण. मग केस तुला कोणासाठी हवे होते?"