अंजूर फाट्यावरचे अध्यक्ष

अमेरिकेच्या अध्यक्षांचा राग दिवाळीपर्यंत टिकला, तर अंजूरच्या केसरीनाथ शेटना चौरस फुटामागे चार रुपये जास्त मिळणार होते. गोडाऊन वीस हजार फुटांचं, म्हणजे महिन्याला ऐंशी हजार. तेवढ्यासाठी कुठल्या लांबच्या देशातल्या एका माणसाचा पारा चढलेलाच राहावा असं केसरीनाथांना मनापासून वाटायचं, आणि त्यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं.

हिशेब सरळ होता. अमेरिकेनं आपल्या मालावर आधी पंचवीस टक्के कर लावला, आणि तो पचतोय तोवर आणखी पंचवीस. भिवंडीतनं तिकडं जाणाऱ्या चादरी, टॉवेल, पडदे खोक्यांत भरून तयार, पण बोटीवर चढेनात. जो माल जात नाही तो कुठंतरी ठेवावा लागतो. आणि केसरीनाथांनी नेमकं त्याच पावसाळ्याच्या तोंडावर भाताचं खाचर भरून निळ्या पत्र्याचं नवंकोरं गोडाऊन उभं केलं होतं. तिकडं साहेबानं सही करावी आणि इकडं अंजूरचं भाडं वाढावं, असा योग आजवर एकाही आमदाराकडून जुळून आला नव्हता.

फक्त एक गोष्ट अडलेली होती. पत्र्याची शेवटची गाडी सोडवायला पैसे कमी पडले तेव्हा मैनाबाईंच्या पाटल्या सहा महिन्यांच्या मुदतीवर पतपेढीत गेल्या होत्या. देताना मैनाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "मेघालीच्या हळदीच्या आधी हातात पायजेत." मेघाली म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी. हळद तुळशीच्या लग्नानंतरची. त्या हळदीला मैनाबाईंची धाकटी बहीण गोदू कशेळीहून कोपरापर्यंत सोनं घालून येणार, हे जेवढं नक्की होतं तेवढं लग्नाला नवरदेवाचं येणंही नक्की नव्हतं.

"मेघालीच्या हळदीला तू पाटल्या घालशील आणि वर एक गंठण," केसरीनाथ म्हणाले होते.

"गंठण ऱ्हाऊ द्या. हाय ते आणा."

गोडाऊनसमोर पंढरीची चहाची टपरी होती. पूर्वी तिथं सरपंचपदावरून भांडणं व्हायची, आता अमेरिकेवरून होऊ लागली. माणसं तीच, घसे तेच.

"साहेब दुसऱ्या देशाचं बेट मागतोय म्हणं," पंढरी कप विसळता विसळता म्हणाला.

"मंग? इकत मागतोय, फुकट न्हाय," केसरीनाथ म्हणाले.

"सातबारा कुनाच्या नावावर हाय ते तरी बघितलं का त्यानं?"

हा सवाल दौलतचा. दौलत म्हणजे गोदूचा नवरा, केसरीनाथांचा साडू. कशेळीला खाडीच्या कडेला त्याचं मोकळं आवार, मोठी शेड आणि आठ ट्रेलर. भिवंडीचा माल उरणच्या बंदरात पोचवायचा हा धंदा. माल थांबला तसे आठही ट्रेलर शेडमध्ये झोपले होते. त्यामुळे दौलत साहजिकच अमेरिकेच्या विरोधी पक्षात गेला होता.

"मोठा मानूस आधी बोर्ड लावतो, दौलतशेट. सातबारा मागनं व्हतो. तुमच्या कशेळीला कसं झालं?"

टपरी हसली. दौलत हसला नाही.

"पन मला एक सांगा," पंढरी म्हणाला, "ह्यो कर भरतो कोन?"

"परदेशवाले. साहेब सोता सांगतोय टीव्हीवर," केसरीनाथ म्हणाले.

"सांगंल न्हायतर काय! त्यांचीच मानसं भरतात," दौलत म्हणाला. "चादर म्हाग झाली तर घेनार कोन? तिकडचाच ना?"

त्यावर बरीच वादावादी झाली, पंढरीचे नऊ चहा खपले आणि प्रश्न होता तिथंच राहिला.

गोडाऊनला गिऱ्हाईक मात्र चालून आलं. निजामपुऱ्यातल्या एका निर्यातदाराचा मॅनेजर मनोज आपल्या शेठजींना घेऊन जागा बघून गेला. मनोज सडपातळ, सावध माणूस. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि बोलताना समोरच्याच्या हाताकडं बघायची सवय. आल्या आल्या त्यानं छताकडं बोट दाखवून विचारलं, "हे गळतं का?" केसरीनाथांनी मोबाईलवर त्या भेटीचे दहा-बारा फोटो काढून ठेवले, कोण कोण जागेवर येऊन गेलं ह्याचा पुरावा असलेला बरा.

"अठरा रुपये, तीन वर्षांचा करार," मनोज म्हणाला.

"बावीस," केसरीनाथ म्हणाले.

"शेट, अठराला अख्ख्या पट्ट्यात कोणी नाही म्हणत नाही."

"आज न्हाय म्हनत. पन साहेब अजून एक सही करतील तवा?"

मनोजनं शेठजींकडं बघितलं. शेठजींनी रुमालानं मान पुसली. "दिवाळीच्या आधी सांगतो," म्हणून ते निघून गेले.

मैनाबाई दारात उभ्या होत्या. "अठराला काय धाड भरली होती?"

"अगो, तो मानूस माघार घ्यायचा न्हाय. शब्दाचा पक्का हाय."

"कोन, मनोज?"

"अमेरिकेचा अध्यक्ष!"

मैनाबाईंनी आपल्या मनगटांकडं बघितलं आणि आत गेल्या.

आता गिऱ्हाईक सुटू नये म्हणून त्याला बांधून कसं ठेवायचं, ह्याची एक रीत ह्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. नाक्यावर बॅनर लावायचा. वर मोठ्या साहेबाचा फोटो, खाली गोल गोल चौकटींत शुभेच्छुकांची रांग. ज्याचा चेहरा आपल्या बॅनरवर चढला, तो आपला झाला. मग त्यानं दुसऱ्याच्या दारात जायचं म्हणजे अख्ख्या गावाला उत्तर द्यायचं. निवडणुकीत अशा गोल चौकटींनी भले भले जागेवर बसवले होते. मनोज आणि त्याचे शेठजी त्यात एकदा बसले की कशेळी, काल्हेर, पूर्णा, कुठल्या गावच्या गोडाऊनवाल्याची बिशाद त्यांना फोडायची? शिवाय अध्यक्षांचे आभारही मानून होत होते. ज्याच्यामुळं चार पैसे दिसतात त्याचा बॅनर लावायचा नाही, हा कृतघ्नपणा अंजुरात चालत नाही.

पुतण्या प्रितेशचं फाट्यावर बॅनर छापायचं दुकान होतं. केसरीनाथ खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले.

"अमेरिकेचे कार्यसम्राट अध्यक्ष, असं टाक."

"टाकलं. 'गोरगरिबांचा कैवारी' टाकू?"

"नको. कोनी फिरकी घेतोय म्हनंल. 'धडाडीचे नेतृत्व' टाक."

"काका, 'भावी' पायजे. भावीशिवाय बॅनर मोकळा दिसतो."

"मंग भावी अध्यक्ष टाक."

"ते आताच हायेत की. आन् त्यांच्यात दोनदाच होता येतं. त्यांची दुसरी चालूय."

केसरीनाथांना हा कायदा ऐकून त्या देशाविषयी जरा वाईट वाटलं. "मंग बायकोला उभी करतील. आपल्याकडं सरपंचपद बायांना राखीव झालं तवा रामनाथनं काय केलं? खुर्चीवर वहिनी, सहीला रामनाथ. काय अडलं? टाक तू भावी."

मग शुभेच्छुकांची रांग. गावातल्या अकरा पोरांनी फोटोचे पैसे देऊन जागा धरली. दोघे गॉगलवाले, तिघे फोन कानाला लावलेले, एक बैलाबरोबर. मधल्या दोन मोठ्या चौकटी पाहुण्यांच्या. प्रितेशनं मनोजला मोबाईलमधल्या फोटोतून कापून घेतलं. छताकडं दाखवलेलं बोट तसंच राहिलं. पत्रा गेला, बोट उरलं. गळतीची चौकशी करणारा माणूस विजयाची घोषणा देताना दिसायला लागला. शेठजींच्या हातातला रुमाल तर थेट झेंडा वाटत होता.

"त्यांना इचारायला पायजे का?" प्रितेशनं विचारलं.

"मान देताना कोन इचारतो का, येड्या?"

धनत्रयोदशीला चार दिवस असताना बॅनर फाट्यावर चढला. रिक्षावाले थांबून बघायला लागले. कुणीतरी व्हिडिओ काढला, त्याला ढोलाचं संगीत लावलं, आणि संध्याकाळपर्यंत तो भिवंडीतल्या प्रत्येक फोनमध्ये वाजून झाला. केसरीनाथांनी स्वतः सोळा जणांना पाठवला. कशेळीला दौलतलाही.

तिसऱ्या दिवशी मनोज आला. रिक्षातनं उतरला, पैसे दिले, सुटे परत घेतले, मोजले, आणि मग बोलला.

"शेट, आमच्या पॅकिंगमधल्या निम्म्या बायका ह्या करापायी घरी बसल्यात. आणि तुम्ही मला त्याच्या अभिनंदनाला उभा केलात? बोट वर करून?"

"अवो, मधली जागा दिली तुमाला! अकरा पोरं त्या जागंसाठी भांडत व्हती."

"सगळे निर्यातदार मिळून दिल्लीला निवेदन देऊन आलेत कर कमी करा म्हणून. पहिली सही आमच्या शेठजींची. आता बाकीचे विचारतात, तुम्ही नक्की कोणत्या बाजूला?"

"ते समजावू आपन. बसा, चाय घ्या."

"चहा नको. पुढचं ऐका." मनोजनं फोन काढला. "आमची तिकडची खरेदीदार बाई. तिच्या मुंबईच्या एजंटनं तिला हा व्हिडिओ पाठवला, वर इंग्रजीत अर्थ लिहून. तिचं उत्तर आलंय. म्हणते, तुम्ही ह्या धोरणाचं जाहीर स्वागत केल्याचं पाहून आनंद झाला. तेव्हा निम्मा कर तुम्ही सोसायला तुमची हरकत नसेल, असं आम्ही धरतो."

केसरीनाथांच्या मनात खरोखरच एक शंका आली. "म्हंजे ती बाई साहेबांच्या पक्षाची?"

"कसली हो! कट्टर विरोधातली. दर मेलमध्ये खाली त्याला दोन शिव्या असतात."

"मंग?"

"मग काय. मत एकाला द्यायचं, सवलत दुसऱ्याकडनं घ्यायची. शेठजींनी कबूल केलं. तीन वर्षांचं गिऱ्हाईक, तोडणार कसं?" मनोज वळला. "आता आम्हाला अठराही परवडत नाही. आणि परवडलं तरी ह्या गावात शेठजी पाय ठेवायचे नाहीत."

"सतरा! मनोजभाऊ, सतरा करा!"

मनोजनं केसरीनाथांच्या हाताकडं एकदा बघितलं, जसं भाव ठरवताना बघायचा तसं, आणि रिक्षाला हात केला.

पुढचे पंधरा दिवस केसरीनाथांनी गिऱ्हाइकं शोधली. सोळा म्हणाले, पंधरा म्हणाले. पण व्हिडिओ सगळ्यांनी बघितला होता. जागा बघायला यायचे, आणि केसरीनाथांनी मोबाईल हातात घेतला की चेहरा झाकून बाहेर पडायचे. मैनाबाईंनी फाट्यावरनं बॅनर उतरवून आणवला आणि मोकळ्या गोडाऊनच्या दारात उन्हाला पसरून त्यावर बारीक कोळंबीचा जवळा वाळत घातला. अध्यक्षांच्या गालावर तो छान वाळला. मनोजच्या बोटावर मांजर येऊन बसायची.

पाटल्यांची मुदत हळदीच्या आधी आठ दिवस संपली. पतपेढीच्या माणसानं खुर्ची दिली, पाणी दिलं, मुदतवाढ दिली नाही; पाटल्या लिलावाच्या यादीत गेल्या.

हळदीला अख्खी भावकी जमली. मांडवात डीजे, मटणाचा वास, पिवळे गाल. गोदू आली ती नेहमीच्या सोन्यावर दोन नव्या पाटल्या चढवून. बहिणीजवळ बसली आणि तिनं पहिलं बघितलं ते मनगट. तिथं हिरवा काचेचा चुडा होता, बाकी काही नाही.

"बाय, पाटल्या कुठं तुझ्या?"

आजूबाजूच्या चार बायकांनी माना वळवल्या. पलीकडं पुरुषांच्या पंगतीत केसरीनाथांचा घास हातात राहिला. मैनाबाईंनी तिकडं एक नजर टाकली आणि पंगतीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "अमेरिकेला गेल्यात. आमच्या शेटचे साहेब हायेत ना तिकडं, त्यांनी बोलावलं."

बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. मैनाबाईही हसल्या, मग उगाचच चुडा कोपराकडं सारून त्यांनी पदर मनगटावर ओढून घेतला.

"तुझ्या नव्या दिसतात," त्या गोदूला म्हणाल्या.

"शेडच्या डिपॉझिटमधनं केल्या. ह्यांनी ट्रेलर रस्त्यावर काढलं आन् शेड भाड्यानं दिली. निजामपुऱ्याचा एक चादरवाला हाय, मनोज म्हनून मॅनेजर. सोळा रुपयानं."

कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये आणखी आठ ट्रेलर उभे राहिले, तर ते कुणाच्या लक्षात येणार होते?

दौलत ताट घेऊन केसरीनाथांच्या शेजारी सरकला. त्याच्या आवाजात मटणाइतकीच माया उतरली होती. "साडूभाव, मी उगीच शिव्या घातल्या त्या मानसाला. कायबी म्हना, अध्यक्ष असावा तर असा. कर अजून वर्षभर काढू नये म्हंजे झालं."

"डोंबलाचा अध्यक्ष!" केसरीनाथांनी ताट ढकललं. "लोकांचं वाटोळं करनारा मानूस. त्यांच्याच जनतेनं त्याला खाली खेचला पायजे!"

अशा तऱ्हेनं वाढपी रस्सा घेऊन येईपर्यंत दोन्ही साडूंनी अमेरिकेतले आपापले पक्ष बदलून टाकले होते. तिकडं ही सोय नाही म्हणतात.

तो कर नक्की कोण भरतं, ह्यावर टीव्हीवर अजून भांडणं चालू आहेत. अंजुरापुरता हिशेब मात्र पुरा झाला. खरेदीदार बाईंनी निम्मा कर शेठजींवर लोटला. शेठजींनी तो पॅकिंगच्या बायकांच्या अर्ध्या दिवाळी बोनसातनं आणि गोडाऊनच्या भाड्यातनं भरून काढला. बॅनरचं बिल फोटोवाल्या अकरा पोरांनी आधीच चुकतं केलं होतं, म्हणून प्रितेशचं काही गेलं नाही. दौलतला शेडचं भाडं मिळालं, गोदूला पाटल्या मिळाल्या. केसरीनाथांनी एक मत भरलं होतं, ते त्यांनी हळदीतच परत घेतलं. राहता राहिला अर्धा बोनस, तो त्या बायकांनी भरला. आणि साडेचार तोळ्यांच्या दोन पाटल्या, त्या मैनाबाईंनी.