पडद्याखालचं पाणी

खिडकीचा तिसरा गज मधोमध वाकलेला दिसत होता. साखराबाईंनी त्यावरून बोट फिरवलं. गज सरळ होता. त्यांनी हात पदराखाली घेतला.

डॉक्टरबाईंनी तपासणीचं चित्र मायलेकींकडे वळवलं. साखराबाईंशेजारी लेक संगीता बसली होती; मागे दाराशी मुलगा रामेश्वर उभा होता.

"हे डाव्या डोळ्याच्या पडद्याखाली साठलेलं पाणी. फेब्रुवारीत एवढंसं होतं. दर महिन्याला डोळ्यात सुई द्यायला आणा, असं तुमच्या मुलाला सांगितलं होतं. आठ महिने कुठं होतात?"

साखराबाई हळूच हसल्या.

"पाणी आटलं होतं न्हवं, बाई? रामेश्वरच बोलला, आता सुई बंद. म्या गल्लीत गूळ वाटला."

संगीताने भावाकडे पाहिलं.

"डोळ्याला पाणी येतं का, म्हणून इचारलं होतं तुला," तो म्हणाला. "तूच न्हाई म्हणलीस."

"हे पाणी गालावर येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी तुम्हाला कागदावर काढून दाखवलं होतं."

रामेश्वर चपलांकडे बघत म्हणाला,

"दर महिन्याला उमापूरहून बीडला खेपा. आन् हिला कुठं पोथी वाचायचीय."

चैत्रापर्यंत साखराबाई आपल्या सातही शेळ्या तोंडावरून ओळखत. आता गळ्यातल्या घंटांवरून. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"सुई दिली की दिसंल?"

"पाणी आटेल. पण खाली व्रण झालाय, तिथली नजर परत येणार नाही. उजव्या डोळ्यातही आता पाणी साठायला लागलंय. खाडा केला नाही, तर तो वाचवता येईल."

"आई, कवाची म्हणते, माझ्याकडं राहा," संगीता म्हणाली. "इथून धा मिनिटं."

संगीताला बीडलाच दिलेली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणून साखराबाई तिच्याकडे यायच्या त्या घरून बाटली भरून, आणि दिवस मावळायच्या आत एसटीने परत जायच्या.

रामेश्वर पुढे झाला.

"चल आई. पुढच्या महिन्यापासून मी आणतो की."

साखराबाईंनी पिशवीतून भरलेली बाटली काढली. त्याचा हात चाचपून त्यात दिली.

"शेळ्यांकडं बघ," त्या म्हणाल्या. "म्या आता संगीच्या घरचं पाणी पिणार हाय."