टेलरबाईंनी न घेतलेलं माप

टेलरबाईंच्या दुकानात नियम एकच: माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लागणार नाही. गिऱ्हाईक वीस वर्षांचं जुनं असो, "मागच्याच मापाचं शिवा हो" म्हणून कितीही गयावया करो, बाई गळ्यातला टेप काढायच्या आणि म्हणायच्या, "सरळ उभे राहा. पोट आत ओढू नका, नंतर ते बाहेर येतंच." या नियमाला अपवाद होता, आणि तोही घरातलाच.

तो अपवाद म्हणजे ठिपकी, वय वर्षं दहा. पोटात असताना तपासणीच्या पहिल्या चित्रात ती नुसता एक ठिपका दिसली होती, तेव्हापासून हेच नाव चिकटलं. ठिपकीला बाप नव्हता. म्हणजे गेला वगैरे नव्हता, मुळात लागलाच नव्हता. चाळिशीत बाईंनी डॉक्टरांकडे जाऊन स्वतःच्याच पेशीपासून हे मूल रुजवून घेतलं आणि स्वतःच जन्माला घातलं. तेच नाक, तेच वाकडे दात, चिडली की लाल होणारे तेच कान. बाईंची थोरली बहीण तिला 'दुसरी आवृत्ती' म्हणायची. "एकदा तुला वाढताना पाहिलं तेवढं पुरे नव्हतं का गं?" ती कपाळावर हात मारून विचारायची. "आणि मी हिची मावशी की बहीण, ते तरी एकदा ठरवा!"

बाईंच्या आईनेही जन्मभर शिवणकामच केलं होतं. दर वाढदिवसाला लेकीची मापं ती एका वहीत लिहून ठेवायची. आई गेली, वही राहिली. ठिपकी सहाची झाली की बाई सहाचं पान उघडायच्या, सातची झाली की सातचं. कपडे बरे बसायचे. कुठे तंग झालंच, तर कापड आटलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

हळूहळू ही सवय कपड्यांपुरती राहिली नाही. ठिपकीने कप फोडला की तिची सबब तिच्या तोंडून निघायच्या आत बाईंना पाठ. ठिपकीचं सकाळी पोट दुखलं की आज गणिताची चाचणी आहे, हे बाई चहा गाळता गाळता ओळखायच्या. बहुतेक वेळा अंदाज बरोबर यायचा, त्यामुळे पोरीला काही विचारायची वेळच यायची नाही.

त्या वर्षी शाळेने मुलांची आठ दिवसांची सहल काढली, तळ्याकाठी, तंबूत राहायची. संमतीचा कागद शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. ठिपकी तो नाचवतच दुकानात शिरली.

"नाही जायचं," मशीनवरची मान वर न करता बाई म्हणाल्या.

"का?"

"दुसऱ्या दिवशी रडायला लागशील. तुझ्याएवढी असताना याच सहलीत मीही लागले होते. बाबा मला न्यायला आले, आणि मग वर्षभर वर्गातल्या पोरांनी मला रडूबाई म्हणून पिडलं. तुझ्या वाट्याला नको ते."

"ते तुझं झालं. माझं काय?"

"तुझं काय वेगळं असणार? तू म्हणजे मीच ना गं."

एरवी ठिपकी तावातावाने भांडली असती. आज तिने कागदाची शांतपणे घडी घातली. "मग मला आणलंस कशाला?" ती म्हणाली. "तू होतीसच की."

बाईंचा पायडलवरचा पाय जागीच थांबला. पोर केव्हाच निघून गेली होती.

दोन दिवस घरात अबोला. शेवटी बाईंनी समजूत काढायची आपली नेहमीची तऱ्हा काढली आणि निळा कोट शिवायला घेतला. दहाचं पान उघडलं, आकडे बघून कापलं, गुरुवारी संध्याकाळी कोट तयार. ठिपकीने तो मुकाट्याने घातला. खांद्यात तो काचला आणि दोन्ही मनगटं उघडी पडली.

"आटलं असेल," ठिपकीच तिरकसपणे म्हणाली.

बाईंनी गळ्यातला टेप काढला. पोरीच्या खांद्याला लावला, मग बाहीला. खांदा पाऊण इंच जास्त, हात दीड इंच लांब. त्यांनी वही पुन्हा ओढली आणि आकड्यांखालची ओळ पहिल्यांदाच धड वाचली. आईने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'महिनाभराच्या तापातून उठली. अंगाने फार उतरली आहे.'

तो ताप बाई साफ विसरल्या होत्या. तळ्यावर रडलेली मुलगी आजारातून उठलेली होती. समोर उभी असलेली मुलगी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारी होती. रोज वीस माणसांच्या अंगावरून हा टेप फिरवायचा आणि पोटच्या पोरीला तो दहा वर्षांत लावायचा नाही! बाईंना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"तिकडे राहायची भीती वाटते का गं तुला?" त्यांनी विचारलं.

ठिपकीने आईकडे जरा संशयानेच पाहिलं. असले प्रश्न या घरात होत नसत. "वाटते थोडी. पण जायचंय."

"भीती वाटते तरी?"

"दोन्ही एकदम होतं की, आई!"

बाईंनी खांदे सैल केले, बाह्या उसवून नव्या कापल्या, आणि शुक्रवारी सकाळी कागदावर सही केली.

मुलांनी घरी फोन करायची वेळ संध्याकाळी पाचची होती. सहलीच्या दुसऱ्या दिवशी बाई साडेचारलाच दुकान बंद करून बसल्या. पायात चपला, हातात गाडीची किल्ली. पाच वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला.

"आई, मी रडले," ठिपकी म्हणाली. आवाज अजून ओलाच होता.

"निघालेच बघ. दोन तासांत पोचते."

"नको! येऊ नकोस. तुला नुसतं सांगायला केलाय. माझं रडून झालंय. उद्या आम्ही होडीतून पलीकडे जाणार आहोत. ठेवते हं, मागे रांग आहे."

फोन बंद झाला. बाई किल्ली हातात धरून तशाच खुर्चीत बसून राहिल्या. दहा वर्षांच्या असताना त्या फोनवर "ये" म्हणाल्या होत्या आणि बाबा धावत आले होते. त्यामुळे तिथे तिसऱ्या दिवशी काय असतं, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. ते आता ठिपकी येऊन सांगणार होती.