मधल्या चौकटीतलं नाव

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी कपाट आहे, आणि माझ्या पोटात बसून एका बाईंनी दोनशेच्या वर गोष्टी सांगितल्या आहेत. हसू नका. तुम्ही जेवताना फोनवर गोष्टी ऐकत असाल, तर त्यातली एखादी माझ्याच पोटातून आलेली असू शकते.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. शाळेच्या बाकांसाठी लाकूड आणलं होतं, त्यातून ज्या फळ्या उरल्या त्यांचा मी झालो. उरलेल्या, पण चांगल्या फळ्या. मला उरलासुरला म्हटलेलं खपत नाही. सुतारानं सगळं मापात केलं, फक्त डाव्या दाराची बिजागरी जराशी तिरकी बसली आणि दार उघडताना कुरकुरू लागलं. गिऱ्हाईक होते पोस्टातले एक कारकून, मनीऑर्डरच्या खिडकीवर बसणारे. त्यांनी ते दार चार वेळा उघडून पाहिलं. सुतार म्हणाला, "खराब नाही हो, लाजतंय." कारकून हसले आणि मी त्यांच्या घरी गेलो.

तिथे मी तीस वर्षं कपडे सांभाळले. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही; कपडे काही बोलत नाहीत. कारकून निवृत्त होऊन घरातले बाबा झाले. त्यांचा मुलगा छापखान्यात लागला, त्याचं लग्न झालं आणि सूनबाई आल्या. त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. मीही बाईच म्हणतो. शाळेतले जुने हजेरीपट रद्दीत निघाले की बाई ते घरी आणायच्या आणि त्यांची पानं माझ्या खणांत अंथरायच्या. ही पानं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मग मुलं कमी झाली म्हणून शाळाच बंद पडली. बाई घरी बसल्या. बोलायची सवय असलेल्या माणसाला घरी बसणं किती जड जातं, ते मी रोज पाहत होतो. अशात ओळखीच्या एका मध्यस्थानं काम आणलं. दूर देशात एक कंपनी होती, ती आपल्या भाषेतल्या गोष्टी आवाजात भरून परदेशी राहणाऱ्या मुलांना ऐकवायची. त्यांना गोष्ट वाचणारं कोणीतरी हवं होतं. अट एकच, मागे दुसरा आवाज नको.

बाईंनी घर पालथं घातलं. स्वयंपाकघरात नळ ठिबकायचा, गॅलरीत गाड्यांचा गोंगाट, न्हाणीघरात आवाज घुमायचा. शेवटी त्या माझ्यात शिरल्या. मधल्या आडव्या फळ्या काढल्या, बाजूंना जुने कोट आणि रजया टांगल्या, खाली एक बुटकं स्टूल ठेवलं आणि वायरीसाठी माझ्या पाठीला भोक पाडलं. भोक पाडताना मला भयंकर राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण बाईंनी दार लावून पहिलं वाक्य म्हटलं आणि माझा राग गेला. कपडे सांभाळणं वेगळं आणि आवाज सांभाळणं वेगळं.

रोज दुपारी दोन ते चार बाई आत बसायच्या. उकाड्यानं जीव जायचा म्हणून मानेभोवती ओला टॉवेल. राक्षस त्याच, ससा त्याच, चिडलेली राणीही त्याच. बाबा बाहेर खुर्ची टाकून पहारा करायचे आणि कोणी आलं की तोंडावर बोट ठेवायचे. एकदा गोष्टीत गुहेचं दार उघडायचं होतं. बाईंनी माझं डावं दार सावकाश ढकललं. कंपनीतून विचारणा आली की हा आवाज कोणत्या यंत्रावर काढलात. बाईंनी उत्तर लिहिलं, "सासऱ्यांच्या कपाटावर." तेव्हापासून त्या बिजागरीला तेल घालायची घरात सगळ्यांना बंदी झाली. मी किती फुगलो असेन, विचार करा.

पैसे त्या मध्यस्थाच्या हातून यायचे. तो चौथा हिस्सा ठेवून घ्यायचा, पण वेळेवर द्यायचा. चार वर्षांनी कंपनीनं कळवलं की आता मध्ये कोणी नको, पैसे थेट तुमच्या खात्यात येतील, फक्त हा फॉर्म भरा. बाईंना कोण आनंद झाला. माझ्यातच बसून, फोन गुडघ्यावर ठेवून त्यांनी तो भरला. पहिलं नाव, मधलं नाव, शेवटचं नाव. प्रत्येक चौकट भरताना त्या पुटपुटत होत्या. मी सगळं ऐकलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी पडलो लाकूड.

महिना गेला, पैसे नाहीत. कंपनी म्हणे पाठवले, बँक म्हणे आलेच नाहीत. दुसऱ्या महिन्यातही तेच. बाई बँकेत गेल्या की खिडकीवरचा माणूस संगणकात बघून मान हलवायचा. कंपनीला लिहिलं की लगेच उत्तर यायचं, आपली तक्रार मिळाली, आपण आमच्यासाठी मोलाच्या आहात. हे उत्तर यंत्रच पाठवायचं, हे बाईंना पाचव्या उत्तरानंतर कळलं. तिसऱ्या महिन्यात एक ओळ जास्त आली, की पैसे परत आले आहेत. का परत आले, ते नव्हतं.

हे ऐकून बाबा चिडले. त्यांच्या खिडकीवरून मनीऑर्डर परत जायची तेव्हा तिच्यावर कारण लिहावंच लागायचं. पत्ता अपुरा. घर सोडून गेले. घेण्यास नकार. कारण न लिहिता परत पाठवली तर साहेब बोलवून घ्यायचे.

इकडे छापखान्यात काम कमी झालं होतं आणि दोन महिन्यांचं घरभाडं थकलं होतं. बाईंचा नवरा काही वाईट माणूस नाही. त्यानं हिशेब मांडला आणि ठरवलं की मी उभा होतो ती खोली पोटभाड्यानं द्यायची. एक परिचारिका एक तारखेपासून यायला तयार होती. तिचं सामान लागायचं तर मला जावं लागणार होतं.

"तुझा आवाज ऐकायला परदेशात माणसं आहेत," तो बाईंना म्हणाला, "पैसे द्यायला कोणी नाही."

मी गेलो की काम गेलं, हे बाईंना माहीत होतं आणि मलाही. जुन्या सामानाचा दुकानदार आला, मापं घेतली, माझं दार वाजवून पाहिलं आणि पैसे मोजून दिले. ते त्याच संध्याकाळी घरमालकाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला रिकामं केलं. टेम्पो दारात उभा होता. कोट निघाले, रजया निघाल्या, शेवटी तळाच्या खणातली पानं निघाली. बाबांना हातात आलेला कागद वाचल्याशिवाय टाकता येत नाही. ते हजेरीपटातली नावं मोठ्यानं वाचू लागले. आधी आडनाव, मग मुलाचं नाव, शेवटी वडिलांचं. दहाबारा नावं वाचून ते थांबले.

मग त्यांनी बाईंना तो फॉर्म दाखवायला सांगितला. बाईंनी फोन समोर धरला. बाबांनी चष्मा वर केला आणि चौकटींवरून बोट फिरवलं. वर्षानुवर्षं हजेरीपट भरलेल्या बाईंनी पहिलं नाव म्हणून आडनाव लिहिलं होतं, कारण पटावर तेच पहिलं असतं. शेवटचं नाव म्हणून नवऱ्याचं लिहिलं होतं. स्वतःचं नाव मधल्या चौकटीत होतं, आणि मधली चौकट भरली नाही तरी चालेल, असं तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. कंपनीचं यंत्र ती चौकट वाचतच नव्हतं. पैसे निघायचे ते आडनाव आणि नवरा एवढ्यांच्याच नावानं. बाईंच्या खात्यावर असा कोणी माणूस नव्हता.

बाबांनी मान वर केली. "सूनबाई, यात तू कुठे आहेस?"

बाई स्टुलावर बसल्या. आधी हसल्या, मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, आता मी वाचलो. पण माझे पैसे खर्च झाले होते, टेम्पोवाला घाई करत होता आणि शब्द दिला होता. चौघांनी मला उचलून खाली नेलं.

दुकानात मी फूटपाथच्या बाजूला उभा होतो, एका पाय मोडलेल्या टेबलाशेजारी. माझ्यावर किमतीची चिठ्ठी चिकटवली. लोक यायचे, दार उघडायचे, कुरकुर ऐकून तोंड वाकडं करायचे. दुकानदारानं एके दिवशी बिजागरीत तेल घातलं. दार गप्प झालं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. एक जोडपं तर मला घ्यायलाच निघालं होतं, पण माझ्या पाठीचं भोक पाहून नको म्हणालं. ज्या भोकावर मी रागावलो होतो, त्यानंच मला वाचवलं.

तेविसाव्या दिवशी बाई आल्या, बरोबर बाबा. फॉर्म सुधारल्यावरही पैसे लगेच आले नव्हते. आधीचे मागे गेल्याची खात्री व्हायला अकरा दिवस, पुन्हा निघून पोचायला बारा. वाटेतल्या दोन बँकांनी जाताना आणि येताना आपापला घास घेतला होता. पण आले. कंपनीतल्या एका बाईनं या वेळी स्वतः उत्तर लिहिलं होतं. तिनं म्हटलं होतं की असे खूप जण आहेत, कुणाला आडनावच नसतं, कुणाला चार नावं असतात, आणि आमच्या चौकटी तीनच. बाबांनी सुनेकडून तिला एक ओळ लिहून घेतली होती, की यापुढे पैसे परत आले तर कारण लिहावे.

बाईंनी माझं डावं दार उघडलं. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा उघडून पाहिलं आणि दुकानदाराकडे अशा नजरेनं बघितलं, की शाळेतली मुलं आठवून मला त्याची दया आली. त्यानं दिली त्याहून जास्त किंमत मागितली. बाबांनी घासाघीस करायला तोंड उघडलं, पण बाईंनी पैसे देऊन टाकले.

दुकानदारानं पावतीपुस्तक काढलं. बाबांकडे बघत विचारलं, "कोणाच्या नावानं करू?"

"माझ्या," बाई म्हणाल्या. त्यांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग आडनाव. दुकानदार पुढे काही येईल म्हणून पेन धरून थांबला. पुढे काही आलं नाही.

ती पावती माझ्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे. खोलीत परिचारिका राहते, म्हणून मी आता बाहेर जेवणाच्या टेबलाला खेटून उभा आहे आणि दुपारी दोन तास घरात सगळे खुणांनी बोलतात. माझी बिजागरी परत थोडी थोडी लाजू लागली आहे.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. एखाद्याचं काम घेतलंत, तर त्याचं पूर्ण नाव त्याच्याच तोंडून विचारून घ्या. तुमच्या चौकटीत ते बसत नसेल तर चौकट मोठी करा. लाकूडकामात आम्ही तसंच करतो.

पूर्वी गोष्ट संपली की बाई यंत्र बंद करायच्या. आता त्या एक श्वास थांबतात आणि वाचणाऱ्याचं, म्हणजे स्वतःचं, नाव सांगतात. ते परदेशी जाईल तेव्हा जाईल. आधी मला ऐकू येतं.